चुन्याची पेज

साम्राज्यं धुळीला मिळतात, राजे विसरले जातात, पण जुन्या धन्यांची भूक कधी मरत नाही.

हे थोर वचन नासारियो त्सुकचं. ते उच्चारून त्यानं ढेकर दिला आणि पोटावरची माशी हाकलली.

पुढचं मात्र खरं घडलेलं आहे. युकातानच्या रानात, एका पडक्या माया नगरात. रात्रही नव्हती. सोमवारची टळटळीत दुपार होती.

नासारियो त्या अवशेषांचा पहारेकरी. पायऱ्यांवरचं रान कापण्याआधी जागेच्या धन्यांपुढे, म्हणजे तिथल्या अदृश्य राखणदारांपुढे, तुंब्यात मक्याची पेज ठेवायची, ही वाडवडिलांची रीत. त्या पेजेचा मका बिनचुन्याचा शिजवायचा. चुना घालायचा तो माणसांच्या भाकरीच्या मक्यात.

पण बायको एउलोहिया बहिणीकडे गेली होती. नासारियोनं भाकरीचं उरलेलं पीठच पाण्यात कालवून धन्यांपुढे ठेवून दिलं.

"दाजी, यात चुना आहे," मेहुणा फिदेन्सियो म्हणाला.

"हजार वर्षं उपाशी आहेत. चव कसली बघतायत!"

दुपारी दोघं सावलीला टेकले. किडे किरकिरत होते...

एकदम थांबले.

पायऱ्यांवरच्या पडक्या, अंधाऱ्या खोलीतून आवाज आला.

चप... चप... चप...

"दाजी, जरा माणसासारखं जेवा की."

"मी अजून डबा उघडलेला नाही."

फिदेन्सियोनं हळूच कोयता जवळ ओढला.

नासारियोनं उसनं अवसान आणून डबा उघडला. त्या मुलखात सोमवार म्हणजे घरोघरी घेवडा आणि डुकराचं मांस. त्यानं भला मोठा घास घेतला.

चवच नाही. पितर जेवून गेल्यावर ताटातल्या अन्नाची जाते, तशी गेलेली. जणू ओलं फडकं चघळतोय.

मग त्यानं भाकरीची घडी तोंडात घातली...

आत काहीतरी कोमट होतं. बुळबुळीत. कुणीतरी चावून, लाळेत घोळवून परत ठेवलेला लगदा.

जिभेला काहीतरी टणक लागलं.

तो थुंकला. लाळेच्या तारेला एक दात लोंबत होता. पिवळा, किडका. मधोमध हिरवा खडा बसवलेला... त्या अवशेषांत सापडणाऱ्या जुन्या कवट्यांच्या दातांत असतो तसा.

नासारियो आतडी पिळवटेपर्यंत ओकला.

त्या दिवसापासून त्याला अन्न जाईना. प्रत्येक घास दुसऱ्याच्या तोंडातून आल्यासारखा लागे. ज्यानं लग्नसुद्धा जेवणासाठी केलं असं गाव म्हणायचं, तो नुसत्या पाण्यावर आला. विजार दोरीनं बांधू लागला.

एउलोहिया परतली, ती तोंडाचा पट्टा सुरू करूनच.

"धन्यांना भाकरीचं पाणी पाजलंस? अरे, तुला कुणी पाजलं तर घर डोक्यावर घेशील!"

तिनं बिनचुन्याची पेज रांधली. ती आणि तो दात, दोन्ही त्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवून आली.

संध्याकाळी फिदेन्सियो बघून आला. तुंबा लख्ख. चाटून पुसल्यासारखा. दात नाही.

"फिटलं," एउलोहिया म्हणाली. "आता जेव. मरशील नाहीतर."

तिनं ताजी भाकरी वाढली आणि पाठ फिरवून तव्याकडे वळली.

नासारियोनं वास घेतला. भाजलेल्या मक्याचा, खमंग. कितीतरी दिवसांनी तोंडाला पाणी सुटलं. त्यानं हात पुढे केला...

चप... चप... चप...

टेबलाखालून.

भाकरी अख्खीच होती. त्याचं तोंड रिकामं होतं. हात हवेतच राहिला.

एउलोहियानं मागे वळूनही पाहिलं नाही.

"नासारियो, जरा तोंड मिटून खा ना."