पांगाऱ्याच्या जागेवरची खुर्ची

ही घटना खरी आहे. १९९६चा फाल्गुन, निरवांगीजवळचा नीरेचा काठ, टळटळीत दुपार. ज्यांना पुरावा लागतो त्यांनी शेवटपर्यंत वाचावे. पुराव्याचे काय होते, तेही कळेल.

त्या काठावर पांगाऱ्यांची राई होती. पाने झडलेली, फांदीफांदीवर लालभडक फुले. बारामती-इंदापूरची सुसंस्कृत मंडळी दरवर्षी कॅमेरे घेऊन येत आणि निसर्गाच्या उधळणीने भारावून जात.

ती राई निसर्गाने लावलेली नव्हती.

ती गावकुसाबाहेरच्या, करुणाच्या माणसांची दफनभूमी होती. दगड बसवला की गाव तो उपटून टाकी. म्हणून तिरडीला पांगाऱ्याचे ओले दांडे घेत, आणि माती लोटून झाली की त्यातला एक उशाशी रोवत. पांगाऱ्याची रोवलेली फांदीही मूळ धरते.

प्रत्येक झाडाखाली एक माणूस होते.

बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या करुणाला एकच गोष्ट हवी होती: आजीच्या, ताईबाईच्या, झाडाचा फोटो. आजीचा स्वतःचा फोटो कधी कोणी काढलाच नव्हता. आणि वसंतोत्सवाच्या व्यासपीठासाठी नेमके तेच झाड तोडायचे ठरले होते.

"तिथं माझी आजी आहे," ती उत्सवाच्या अध्यक्षांना, कुंडलिकरावांना म्हणाली.

"झाडाला आजी म्हणता व्हय बाई? मग बांधावरच्या बाभळीला आमी मावशी म्हणू का?" भोवतालचे खिदळले. "पडीक रान हाय हे. मसणवटा न्हाय हितं. असंल तर दाखवा की!"

दाखवणार काय? तिने फोटोग्राफर बादशाहभाईंना खूण केली. ते अध्यक्षांनीच उत्सवासाठी बोलावलेले. तरी त्यांनी मुकाट्याने कॅमेरा झाडाकडे वळवला.

तेव्हा तिच्या लक्षात आले...

पक्षी नव्हते.

फुललेल्या पांगाऱ्यावर साळुंक्यांचा बाजार भरतो. इथे एकही चोच नव्हती.

"ताई, त्या म्हातारीला जरा बाजूला सरकायला सांगा," कॅमेऱ्यातून बघत बादशाहभाई म्हणाले.

"कुठल्या म्हातारीला?"

"ही काय, बुंध्याला टेकून बसलीय. कानाची पाळी फाटल्याली..."

करुणाने वळून बुंध्याकडे पाहिले.

पाटलांच्या दारावरून पायात चपला घालून गेली, म्हणून ताईबाईच्या कानातले कोणीतरी ओढले होते. पाळीसकट.

बुंध्याशी कोणीही नव्हते.

बादशाहभाईंनी कॅमेऱ्यावरचा डोळा काढला. पुन्हा लावला. "आता न्हाय..." ते पुटपुटले आणि त्यांनी खटका दाबला.

दिवस कलताना करवत चालली. मध्येच धापा ऐकू येऊ लागल्या... जड ओझे वाहणाऱ्याच्या. करवत थांबली.

धापा थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या जागेवर व्यासपीठ उभे राहिले. प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. मधली खुर्ची रिकामी ठेवून प्रतिष्ठितांनी तिच्याभोवती फोटो काढून घेतला.

पुढच्या आठवड्यात बादशाहभाई करुणाच्या घरी आले. चहालाही शिवले नाहीत. दोन फोटो टेबलावर ठेवले.

पहिला तिने मागितलेला, झाडाचा. नदी होती, उघडी माती होती...

झाड नव्हते. तोडण्यापूर्वी काढलेल्या फोटोत झाड नव्हते.

दुसरा व्यासपीठाचा.

मधल्या खुर्चीत ताईबाई बसली होती. पाठ ताठ, मांडीवर पांगाऱ्याचे फूल. कुंडलिकराव मागे उभे होते... हात जोडून.

"मी त्यांना हात जोडल्यालं बघितलं न्हाय, ताई. देवाशप्पथ."

"निगेटिव्ह कुठंय?"

"समदा रोल जाळला अध्यक्षांनी, माझ्यादेखत. ह्ये दोन फोटो तेवढं खिशात राहिलं."

रात्रभर करुणाने दुसरा फोटो उशाशी ठेवला. आजीचा पहिला फोटो. दफनभूमीचा एकमेव पुरावा.

सकाळी पाहिले, तर खुर्ची रिकामी होती.

जिने मागितले तिच्या हाती आजी एक रात्रदेखील पुरी राहिली नाही. ज्यांनी तोडले, त्यांच्यात मात्र ती जाऊन बसली.

उत्सव आजही होतो. मधली खुर्ची रिकामी ठेवतात. प्रथा आहे म्हणतात. कुंडलिकराव थकले आहेत, पण कार्यक्रम संपेपर्यंत त्या खुर्चीमागे उभे असतात. बसा म्हटले तरी बसत नाहीत.

करुणा दरवर्षी जाते. लांब उभी राहते. टाळ्या थांबल्या की तिला धापा ऐकू येतात...

आजी तिथे मानाने बसली आहे की अडकून पडली आहे, हे तिला अजून कळलेले नाही.