भरलेल्या टाकीचं कोडं

"काल मरता मरता वाचलीस आणि आज पुन्हा उतरतेस?" तलावाच्या काठावर सासूबाईंचा पारा चढला होता.

"आई, आज नाही उतरले तर भीती कायमची बसेल. पाणबुड्यांच्या मोहिमेवर भावजींना नाहीतर मला, एकालाच नेणार आहेत," सून म्हणाली.

"मग आधी हे करणारा काळतोंड्या शोधा," सासूबाईंनी गुप्तहेर बाईंना फर्मावलं. या बाईंना सगळे टाचणी म्हणत. मागोमाग टाचणीचे मामा आले, धापा टाकत.

प्रशिक्षकांनी कालचं यंत्र पुढे ओढलं. "हा रीब्रीदर. सोडलेला श्वास चुन्यातून गाळून पुन्हा मिळतो. प्राणवायू मात्र टाकीतून येतो. झडप उघडली की तो वाहतच राहतो, श्वास घ्या नाहीतर नका घेऊ."

"आणि बंद असली तर?" टाचणीने विचारलं.

"काही कळायच्या आत शुद्ध जाते. पण काल मी आणि हिने, दोघांनी ती उघडी असल्याची खात्री केली होती. नंतर मी हिच्या पाठीवरून यंत्र उतरवलं तेव्हाही उघडीच! तरी टाकी जवळजवळ भरलेली."

"म्हणजे टाकीच बिघडली!" मामा खूश झाले.

"मामा, थांबा हो जरा. तपासणीनंतर यंत्राला हात कुणी लावला?" टाचणीने विचारलं.

"मी," दीर ऐटीत म्हणाला. "वहिनीचे पट्टे मागून आवळले. उडी मारून वरही मीच आणलं."

"झडपेला हात?"

"छे! वहिनीला धरू की झडप?"

"वाघ आहे माझा!" सासूबाई म्हणाल्या. "सर तर पलीकडच्या काठावर होते. धावत येईपर्यंत मीच तिच्या उशाशी. तोंडातली नळी नुसती फुसफुसत होती."

टाचणीचे डोळे चमकले. "काकू, कोडं तुम्हीच सोडवलंत! नळी फुसफुसत होती, म्हणजे सर पोचण्याआधीच झडप उघडी होती. पण टाकी भरलेली, म्हणजे पाण्यात ती बंद होती. पट्टे आवळताना बंद झाली, वर आणताना उघडली. दोन्ही वेळा तिच्या पाठीशी एकच माणूस होता. भल्या माणसाला झडप बंद सापडली असती, तर त्याने काठावर येताच बोंब मारली असती."

मामांनी आ वासला. दिराचा चेहरा उतरला.

"घाबरून मोहीम सोडून देईल वाटलं... मारायचं नव्हतं गं! म्हणून तर लगेच काढलं!"



"सर, पोलिसांना बोलवा," सासूबाई म्हणाल्या.

"आई! मी मुलगा आहे तुझा!"

"आणि ही कोण आहे रे माझी?"

सुनेने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मुखवटा चढवला आणि पाण्यात उडी घेतली.