घशाच्या वळणावर अडलेलं औषध

आजोबा रोज न चुकता पंप घेत होते, तरी त्यांचा दम कमी होत नव्हता. मग औषध जात होतं कुठे? हे शोधायला दवाखान्यानं घरी एक रोबो पाठवली. तिचं नाव नीरा.

आजोबांची नात केतकी हिच्या डोळ्यांत ती पहिल्या दिवसापासून खुपली. आजोबा निवृत्त खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांना सीओपीडी होता (श्वासनलिका अरुंद होऊन सतत दम लागण्याचा जुनाट आजार). त्यांचा इनहेलर (औषधाचा फवारा श्वासातून देणारा पंप) हातात द्यायचं काम केतकीचं होतं. आता ते नीरा करू लागली. त्यात आजोबा तिला चक्क ‘पिल्लू’ म्हणाले! ही हाक तर केतकीची होती!

सकाळी आजोबांनी पंप दाबला आणि मग झटक्यात श्वास ओढला. औषध कुठे पोचलं ते दाखवणाऱ्या नीराच्या पडद्यावर त्यांचा घसा लालभडक दिसला.

“औषध इथेच चिकटलं,” नीरा म्हणाली. “भरधाव सायकलला वळण घेता येत नाही, ती कुंपणावर आदळते. औषधाचे कणही वेगात असले की घशावर आदळतात. श्वास सावकाश घेतला, की ते वळून फुप्फुसात उतरतात. आणि श्वास सुरू होतानाच पंप दाबायचा.”

“कळलं,” आजोबा म्हणाले. सरावाच्या रिकाम्या पंपावर त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, पण वेळ काही जुळेना. शेवटी ते खोकत खाली बसले.

“एवढी हुशार आहेस, तर करून दाखव ना!” केतकी नीरावर फणकारली.

“नाही येत. मला फुप्फुसंच नाहीत.”

केतकीला आनंद झाला. पण आजोबांचा घामेजलेला चेहरा पाहून तिला त्याच आनंदाची लाज वाटली. दुसरा रिकामा पंप घेऊन ती त्यांच्यासमोर बसली.

“आजोबा, माझ्याकडे बघा. आधी पंप हलवा. आता सगळा श्वास बाहेर सोडा. पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटा. श्वास घ्यायला लागा... दाबा! हळूऽऽ घेत राहा. आता थांबा. मी दहा मोजते.”

आजोबांचा श्वास तिच्या श्वासाबरोबर चालू लागला. जमल्यावर त्यांनी खरा पंप घेतला. पडद्यावर फुप्फुसं निळी झाली.

“पोचलं!” नीरा म्हणाली. “आता चूळ भरा, म्हणजे तोंडात राहिलेलं औषध निघून जाईल.”

आजार जाणार नव्हता. पण पंधरवड्यात आजोबा न थांबता एक अख्खं वाक्य बोलू लागले.

“शेजारच्या लतिकाआजीही पंप घेतात,” नीरा म्हणाली. “येशील माझ्याबरोबर? मी एकटी अर्धंच शिकवू शकते.”

केतकीनं तिच्याकडे रोखून पाहिलं.

“येते. पण श्वास मी घेऊन दाखवणार.”