सतरा नंबरची पाटी

प्रार्थना संपली की तांबाळवाडीच्या शाळेत चौथीची मुलं पाट्यांच्या कपाटापुढे रांग लावत. पाटी म्हणजे वहीएवढा काळा पडदा. ती मुलाचं वाचन ऐकायची, अडलं तर समजावून सांगायची, चुकलं तर न रागावता पुन्हा विचारायची. रात्रभर कपाटात चार्ज होऊन ती सकाळी ज्याची त्याच्या हातात जाई. त्या मंगळवारी अठ्ठावीस पाट्यांच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका होता आणि सतरा नंबरच्या पाटीवर लाल. खाली ओळ होती : ‘उशिरा प्रतिसाद. शुक्रवारी दुपारी बारा वाजता पूर्ववत होईल.’

चौथीचे बाळगोंडा गुरुजी ती पाटी घेऊन रेहाना मुजावरच्या खोलीत आले. रेहाना शाळेची तंत्रसहायक. अकरा वर्षं ती या शाळेतल्या यंत्रांची दुखणी काढत होती. घंटेपासून छपाईयंत्रापर्यंत काहीही बंद पडलं की लोक तिच्याच नावानं हाका मारत.

“बाई, हिला काय झालंय तेवढं बघा की,” गुरुजी म्हणाले. “अक्षताची पाटी हाय. पोरगी सकाळपासनं घाबरलीया.”

“बघायचं काय त्यात, गुरुजी? वैद्यबुवा करतोय की शुक्रवारी.”

वैद्यबुवा हे तालुक्यातल्या तंत्रसहायकांनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री तो ‘स्वयंवैद्य’ होता. जूनपासून जिल्ह्याच्या ठिकाणी बसून तो सगळ्या शाळांच्या पाट्या तपासायचा, बिघाड ओळखायचा आणि माणसाचा हात न लागता दुरुस्त करायचा. पाटी वापरताना मुलाच्या सवयींची जी नोंद तिच्यात साठत जाते, तिला सवयपट म्हणत. तो पुसून पाटी कारखान्यातून आली तशी कोरी करायची, ही त्याची आवडती मात्रा. जूनपासून या शाळेतल्या तीन पाट्या त्यानं अशा कोऱ्या केल्या होत्या आणि तीनही वेळा रेहानाला हायसं वाटलं होतं. आयतं काम कुणाला नको असतं?

“पुसायच्या आधी एकदा हातात तरी घ्या,” गुरुजी म्हणाले आणि पाटी टेबलावर ठेवून गेले.

गुरुजी सहसा आग्रह करत नसत, म्हणून रेहानानं पाटी उलटी केली. तिचा एक नियम होता. आधी वायर बघायची, मग नशिबाला बोल लावायचा. दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची; दोन बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही. तिनं चार्जिंगची पिन बघितली. आवाज घेणाऱ्या जाळीतली धूळ ब्रशनं काढली. पाटी बंद करून चालू केली. मग स्वतः पुस्तकातल्या दोन ओळी वाचल्या. पाटीनं झटकन उत्तर दिलं. दुखणं अंगात आणि डॉक्टरसमोर ताप उतरलेला, असा हा प्रकार तिच्या धंद्यात नवा नव्हता. अशा वेळी ज्याच्या हातात यंत्र बिघडतं, त्याच्याच हातात ते द्यावं लागतं. तिनं अक्षताला बोलावून घेतलं.

अक्षता नौकुडकर नऊ वर्षांची. तिचा शब्द घशात अडायचा. एकदा अडला की मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे आणि मग केव्हातरी तो सुटायचा. तिनं पुस्तक उघडलं. “डों... डों...” ती थांबली. पाटीही थांबली. रेहाना घड्याळाकडे बघत होती. सहा सेकंद गेले. “डोंगराच्या पायथ्याशी,” अक्षता म्हणाली आणि पुढचं सरळ वाचत गेली. पाटी म्हणाली, “छान. पुढे?”

रेहानानं आता एकच गोष्ट बदलली. कपाटातली कोरी पाटी काढून तिच्या हातात दिली.

“डों... डों...”

“डोंगराच्या पायथ्याशी,” कोरी पाटी लगेच म्हणाली. “बरोबर? पुढचं वाक्य वाच.”

अक्षतानं दुसरं वाक्य सुरू केलं. पाटीनं तेही पुरं करून टाकलं. तिसऱ्या वेळी अक्षतानं तोंड उघडलंच नाही. तिनं पाटी टेबलावर पालथी ठेवली.

“काय झालं गं?”

“मला... बोलायचं होतं,” अक्षता खाली बघत म्हणाली. “तिनंच... बोलून टाकलं.”

रेहानाला फार वाईट वाटलं. सतरा नंबरच्या पाटीला काहीही झालं नव्हतं. या मुलीसाठी थांबायचं असतं, हे ती दोन वर्षांत शिकली होती, आणि तेवढंच तिचं दुखणं ठरलं होतं.

मधल्या सुट्टीत गुरुजींनी उरलेलं सांगितलं. “दुसरीत असताना ही पोरगी हजेरीलाबी ‘हजर’ म्हणत नव्हती. पाटी थांबायला लागली, तशी बोलायला लागली. आता पाटीचं बघून माझी पोरंबी थांबत्यात. कोण शब्द पुरवत न्हाई.” त्यांनी चष्मा पुसला. “ही कोरी झाली तर मला परत दुसरीपासनं सुरू करायला लागंल, आणि तवर तिचा धीर टिकंल काय?”

रेहानानं जिल्ह्याच्या तंत्रकक्षाला फोन लावला. तिथले इंगवलेसाहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, उशिरा प्रतिसाद हा बिघाड आहे, हे आम्ही नाही ठरवलं. स्वयंवैद्य तुमच्याकडूनच शिकलाय.”

“आमच्याकडून?”

“तुम्ही लोक तक्रार बंद करताना कारण निवडता ना, त्यावरून. तालुक्यातल्या एकसष्ट शाळांनी दोन वर्षं जे लिहिलं, तेच त्याचं पाठ्यपुस्तक. त्यात काय लिहिलंय ते तुम्हीच बघा.”

रेहानाला बघायची गरज नव्हती. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आठवड्याच्या उघड्या तक्रारी बंद करायच्या, हा तालुक्यातल्या सगळ्या तंत्रसहायकांचा शिरस्ता. पडद्यावर कारणांची यादी येई. यादीत ‘बिघाड नव्हता’ असं कारणच नव्हतं. ‘इतर’ निवडलं तर चार ओळी लिहाव्या लागत, आणि बाहेर आठवडी बाजार भरलेला असे. मग सगळेजण पहिलंच कारण निवडून मोकळे होत : ‘उशिरा प्रतिसाद – पूर्ववत केले.’ पूर्ववत कुणी काही करत नसे. वायर सैल असो, मुलानं पाणी सांडलेलं असो, यादीत बोट पहिल्या ओळीवर. पुन्हा तेच यंत्र अडलं तर आपणच गोंधळू नये म्हणून खरं कारण प्रत्येकजण आपल्या वहीत टिपून ठेवी. खरं वहीत आणि सोपं पडद्यावर, असा सगळा कारभार. बिचाऱ्या वैद्यबुवाला वही कोण दाखवणार?

“मी माझ्या नोंदी दुरुस्त केल्या तर?” तिनं विचारलं.

“करता येतील. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंतच्या नोंदी तो रात्री पुन्हा वाचतो. पण बंद तक्रार उघडली की ती तुमची चूक म्हणून लागते. तुमचा करार मार्चमध्ये वाढायचाय ना?” इंगवलेंनी आठवण करून दिली. “आणि एका शाळेनं काही होत नाही, मॅडम. एकसष्टात एक म्हणजे दर्या में खसखस.”

रेहानानं फोन ठेवला आणि वही काढली. तिच्या दोनशे तेरा नोंदी होत्या. तिनं पहिली उघडली. पडद्यावर ‘उशिरा प्रतिसाद’, वहीत ‘खेळाच्या तासाला पडली, कोपरा चेपला, बाकी ठीक’. ‘इतर’ निवडून तिनं चार ओळी लिहिल्या. तक्रारींचा हिशेब दाखवणाऱ्या शाळेच्या फलकावरचा हिरवा आकडा एकानं उतरला. ती पुढच्या नोंदीकडे वळली.

बुधवारी मधल्या सुट्टीत तिनं डबा उघडला नाही. एका हातानं टंकत राहिली आणि दुसऱ्या हातानं शेजारच्या शाळांना फोन लावत राहिली. बहुतेकांनी आधी हसून घेतलं. शिवलिंग हत्तरगी तिच्याबरोबर प्रशिक्षणाला होता. तो म्हणाला, “खुळी हैस काय गं? झाकली मूठ सव्वा लाखाची. माझा फलक हिरवागार हाय.”

“तुझ्याकडं जूनपासनं किती पाट्या कोऱ्या झाल्या?”

“असतील नऊ-दहा.”

“त्या पोरांना विचारलंस कधी, आधी काय होतं पाटीत?”

शिवलिंगनं विषय बदलला. तिनंही ताणलं नाही. अजून बरेच फोन करायचे होते.

गुरुवारी सकाळी तिची वही एकतीस नंबरच्या पाटीपाशी आली. पाचवीतल्या कार्तिक होडगेची. जुलैतली तक्रार होती आणि तिच्याच अक्षरात टिपण : ‘मुलगा वाक्य तीन-तीनदा ऐकायला मागतो, पाटीला सवय झाली आहे. बिघाड नाही.’ त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी ती पाटी कोरी झाली होती. यंदाच्या दिवाळीनंतर शिक्षकांच्या खोलीत कार्तिकचा विषय निघाला होता. हल्ली लक्ष देत नाही, आळशी झालाय, असं कुणीतरी म्हणालं होतं आणि चहा पिता पिता रेहानानंही मान डोलावली होती. आता तिला स्वतःची लाज वाटली. तिनं ती नोंद उघडली आणि चार ओळींच्या जागी अकरा लिहिल्या.

पाचला दहा मिनिटं असताना तिची दोनशे तेरावी नोंद गेली. फलक लालभडक झाला होता. तेवढ्यात शिवलिंगचा निरोप आला : ‘एकशे चाळीस उघडल्या. नोकरी गेली तर चहाचा गाडा दोघं मिळून टाकू.’ त्याच्यामागून आणखी निरोप आले. पाच वाजले तेव्हा एकसष्टातल्या अकरा शाळा झाल्या होत्या. अकरानं काय होणार, ते तिला माहीत नव्हतं. तिनं खोलीला कुलूप लावलं.

शुक्रवारी बाराला पाच कमी असताना ती चौथीच्या वर्गात जाऊन उभी राहिली. सतरा नंबरची पाटी अक्षतापुढे होती. लाल ठिपका तसाच होता. मुलांना गुरुजींनी सगळं सांगितलेलं असावं. एरवी त्या वर्गात एवढी शांतता नसे. बारा वाजले. ठिपका पिवळा झाला. पाटीतून नेहमीचा आवाज आला नाही. कोरडा, अनोळखी आवाज आला.

“नोंदींमध्ये विसंगती आढळली आहे. निर्णय राखून ठेवला आहे. वापरणाऱ्याचं म्हणणं हवं आहे. ही पाटी अशीच हवी का? कारण सांगा. वेळ दहा सेकंद.”

पडद्यावर आकडा आला : दहा.

दहा सेकंदांत अक्षताचा जेमतेम एक शब्द सुटला असता. वैद्यबुवाला शंका आली होती खरी, पण ती विचारायची रीत त्याची तीच जुनी होती.

“म...” अक्षताची मान ताठ झाली. डोळे मिटले.

नऊ. आठ. सात. गुरुजींनी ओठ घट्ट मिटून घेतले. मागच्या बाकावरचा एकजण पुढे झुकला आणि पुन्हा मागे सरला. कुणीही शब्द पुरवला नाही. पाच. चार. “म... म...” तीन. दोन.

दोनवर आकडा थांबला.

रेहानाचा हात सवयीनं भिंतीवरच्या इंटरनेटच्या पेटीकडे गेला. आधी वायर. वायर घट्ट होती. पेटीतला दिवा नीट लुकलुकत होता. तिकडून सगळं येत होतं आणि जात होतं. बिघाड कुठंच नव्हता. आकडा नुसता उभा होता, अक्षताची वाट बघत.

“मला... हवी,” अक्षता म्हणाली. “ती... थ... थांबते... म्हणून.”

दोनचा आकडा गेला. ठिपका हिरवा झाला. “नोंद घेतली,” तो आवाज म्हणाला, आणि पाठोपाठ पाटीचा ओळखीचा आवाज आला, “छान. पुढे?”

वर्गानं एकदम श्वास सोडला. गुरुजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. रेहाना अक्षताशेजारी बाकावर बसली. मार्चमध्ये तिचं काय व्हायचं ते होणार होतं, पण या क्षणी तिला फार बरं वाटत होतं. तेवढ्यात अक्षतानं तिची बाही ओढली. तिला काहीतरी विचारायचं होतं. रेहाना थांबली. सगळा वर्ग थांबला.

“मॅडम... आधीच्या... त्या ति... तिघांना पण... असं विचारलंतं काय?”

रेहानाच्या मांडीवर वही होती. पुसलेला सवयपट परत आणायची युक्ती तिच्या एकाही पानावर नव्हती. तिनं मान हलवून नाही म्हटलं आणि ती उठली. पाचवीचा वर्ग दोनच खोल्या सोडून होता. दारातून तिला कार्तिक दिसला. कोरी पाटी पुढ्यात होती, आणि ती भराभर बोलत होती. तो खिडकीबाहेर बघत होता. त्याच्यासाठी थांबायला शिकलेलं यंत्र तर कोरं झालं होतं. आता ते शिकेपर्यंत त्याच्यासाठी थांबणार कोण?