उंबऱ्यावरचा तिसरा प्रश्न

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. सिंदीच्या रेल्वे स्टेशनामागे कापसाचे व्यापारी अण्णाजी यांचे पक्के घर होते. घराखाली तळघर. सरकी साठवण्यासाठी अण्णाजींनी ते हौसेने बांधून घेतले होते. अण्णाजी वारले, व्यापार आटोपला, आणि तळघरात उरली ती महालक्ष्म्यांची पेटी. तीत ज्येष्ठा आणि कनिष्ठा यांचे पितळी मुखवटे, त्यांची दोन बाळे आणि जरीची लुगडी होती.

श्रावण सरत आला तशी धाकटी सून लीलाबाई लुगड्यांना ऊन दाखवावे म्हणून खाली उतरली. तिने पेटीचे झाकण उचलले आणि वास आला.

पावसाळ्यात बुरशीचा वास कोणत्या घरात येत नाही? पण हा निव्वळ बुरशीचा नव्हता. ओले लुगडे तसेच नेसून कोणी दिवसभर अंधारात बसावे, तसा काहीसा तो होता. स्वप्नात पाहिलेले घर ओळखीचे वाटते, तसा तो लीलाबाईला ओळखीचा वाटला.

सासू रुख्माबाई मागच्या खोलीत खाटेवर असत. गुडघे गेले होते. धरल्याशिवाय उठता येत नसे. त्यांनी ऐकले आणि लगेच सांगितले.

"वास लागलेलं लुगडं देवीले नेसवत नाईत. बाबारावले निरोप धाड. यंदापासून महालक्ष्म्या त्याच्याच घरी, अल्लीपूरले बसू दे."

बाबाराव म्हणजे थोरला मुलगा. लीलाबाई जागच्या जागी उभी राहिली. तिच्या पदरी मूल नव्हते. इतकी वर्षे तिने पुरण वाटले, माळा गुंफल्या, खरकटी काढली. सासू विधवा झाल्यामुळे देवी बसवण्याचा मान यंदा पहिल्यांदा तिच्याकडे येणार होता, आणि तोही एका वासापायी जाणार होता.

"वास मी काढतो, आत्याबाई," ती म्हणाली. "देवी कुठी जात नाई."

दुसऱ्या दिवशी पुनाजी आणि त्याची बायको धुरपता कामाला आली. दोघांनी भिंती खरवडल्या, मोरचूद घातलेल्या चुन्याचे हात दिले, कोपऱ्यांत कोळसा आणि खडेमीठ ठेवले. कित्येक वर्षे बंद असलेले झरोके उघडले.

"हात चालव ना बापा," धुरपता नवऱ्याला म्हणाली. "बुरशीले हळद लावून राह्यला का?"

"तू बोलणं थांबव, बुरशी आपोआप पळते," पुनाजी म्हणाला.

लीलाबाई हसली. मग तिने गोवरीच्या निखाऱ्यावर कडुनिंबाचा पाला आणि राळ टाकली. धुराने तळघर भरून गेले, आणि संध्याकाळपर्यंत वास उरला नाही.

सकाळी तो पुन्हा होता. एकाच कोपऱ्यातून येत होता. धुरपता तिथे वाकली आणि तिची थट्टा थांबली.

"बाई... इथं कोणी बसत होतं का?"

बसलेल्या माणसाची पाठ टेकेल एवढ्याच जागेत भिंतीचा गिलावा झिजून गुळगुळीत झाला होता. तेवढ्या जागेवर चुना धरत नव्हता.

लीलाबाईने सासूला विचारले.

"आनंदा बसे," रुख्माबाई म्हणाल्या. अण्णाजींची ही धाकटी बहीण कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी आली होती; लीलाबाईने तिचे नुसते नाव ऐकले होते. "महालक्ष्म्यांच्या दिवसांत तिची सावली पडू नये म्हणून तिले खाली धाडो. रीत होती. म्या काई नवी काढली नाई."

"अन् गेल्या कशानं?"

"खोकल्यानं." रुख्माबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवले. मग हळूच म्हणाल्या, "झरोके लावून घेजो."

चुन्याने भिंत पांढरी होते. चुन्याचे काम तेवढेच.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी आभाळ खाली उतरले होते. दुपार की संध्याकाळ, काही कळत नव्हते. कोपऱ्यातला वास गेला नव्हता. लीलाबाईने मनाशी ठरवले की देवी तुळशीपासून न आणता तळघरातून आणायची. देवीची पावले जिथे उमटतील तिथे अमंगळ काय टिकणार? हेतू शुद्ध होता. पण उंबऱ्यावर विचारायचा प्रश्न त्या जिन्यावर विचारला तर तो आणखी कोणाला ऐकू जाईल, हा विचार तिला शिवला नाही.

तिने पायरी-पायरीवर तांदळाच्या पिठाची पावले काढली, बोटे वरच्या दिशेने. ज्येष्ठेचा मुखवटा तिने घेतला. कनिष्ठेचा शेजारच्या शकुबाईच्या सुनेने. रुख्माबाई मागच्या खोलीत, दार ओढून घ्यायला लावून खाटेवर बसल्या. विधवेने समोर येऊ नये ही रीत आता त्यांनाही लागू होती. शकुबाई जिन्याच्या तोंडाशी उंबऱ्यावर उभी राहिली.

"कोण आलं?" तिने विचारले.

"ज्येष्ठा आली," लीलाबाई म्हणाली.

"कोण आलं?"

"कनिष्ठा आली," सून म्हणाली.

तिसऱ्या वेळी दोघींनी मिळून 'लक्ष्मी आली, भरल्या हातानं आली' म्हणायचे असते.

"कोण आलं?"

दोघींनी तोंड उघडण्याआधी, अगदी खालून, दबलेल्या आवाजात उत्तर आले.

"मी... आली."

समईची वात हलली नाही. शकुबाईने सुनेकडे पाहिले, सुनेने लीलाबाईकडे. देवी हातात असताना थांबता येत नाही. लीलाबाईने उजवे पाऊल उंबऱ्याच्या आत टाकले.

त्या क्षणापासून तळघराला फक्त चुन्याचा वास होता.

दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा नैवेद्य झाला. लीलाबाई सासूचे ताट घेऊन मागच्या खोलीत गेली. खाट रिकामी होती. जिन्यापासून खाटेपर्यंत फरशीवर ओली, अनवाणी पावले उमटली होती. सगळ्यांची बोटे खाटेकडे. परत जाणारे एकही नव्हते.

रुख्माबाई तळघरात सापडल्या. त्या गुळगुळीत भिंतीला पाठ टेकून शांत बसल्या होत्या. त्यांचे तळवे कोरडे होते.

"आत्याबाई! इथं कशा आल्या?"

"तिनं हात धरला... म्हने, वयनी, आता तुम्ही बसा." त्या लहान मुलीसारख्या लीलाबाईकडे पाहत राहिल्या. "रीतच आहे ना, लीला."

लीलाबाईने ताट पायरीवर ठेवले.

"असंल. या घरात आजपासून नाई."

तिने सासूला जवळजवळ उचलूनच वर आणले आणि महालक्ष्म्यांपुढे पाटावर बसवले. शकुबाईने तोंडाला पदर लावला.

"अवो, विधवा बाई अन् देवीपुढं..."

"देवीले दिसून राह्यलं, काकू. तिनं काई म्हटलं का?"

शकुबाईने तोंडावरचा पदर खाली घेतला. तिसऱ्या दिवशी लीलाबाईने मुखवट्यांवर अक्षता वाहिल्या आणि रीतीप्रमाणे म्हटले, "पुन्हा या." म्हणताना ती क्षणभर अडखळली. हे निमंत्रण किती जणींना, हे तिला ठाऊक नव्हते.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्या त्याच घरी बसल्या. या खेपेला त्या तुळशीपासून आणल्या. पेटीला कसलाही वास नव्हता. रुख्माबाई सर्वांच्या आधी देवीच्या जागेपुढे पाटावर बसल्या होत्या. मागची खोली रिकामी होती.

पहिले दोन प्रश्न झाले. शकुबाई थांबली.

"तिसऱ्यांदा इचारू का, लीला?"

लीलाबाईच्या हातात मुखवटा गार लागत होता. "इचारा," ती म्हणाली.

"कोण आलं?"

तळघरातून काही आले नाही. आवाज मागच्या रिकाम्या खोलीतून आला.

"मी तं घरातच आहो..."

रुख्माबाईंनी मागे वळून पाहिले नाही. त्या पाटावर थोड्या सरकल्या आणि अर्धी जागा रिकामी केली. ओल मुरावी तसा पाटाचा तो कोरडा भाग सर्वांच्या देखत हळूहळू काळा पडत गेला.