उजवा कान

गांधीबागेत ताराचंदचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. उन्हाळ्यातल्या एका सकाळी लतिका नवऱ्याचे, मधुसूदनचे, हेडफोन पिशवीत घालून तिथं गेली. काम साधं होतं. मधुसूदनच्या मावसभावानं दुबईहून टीव्हीवर खेळायचा खेळ आणला होता. पडद्यावर आकाशातून राक्षस उतरायचे आणि खालून त्यांना गोळ्या घालायच्या. दुपारी सासूबाई आडव्या व्हायच्या आणि त्या टुंय टुंय आवाजानं त्यांचं डोकं उठायचं. म्हणून मधुसूदननं गाणी ऐकायचे हेडफोन टीव्हीत खुपसले. तेव्हापासून त्याची एकच तक्रार होती. खेळ डाव्या कानात वाजतो आणि उजव्यात नुसती खटखट येते.

ताराचंदनं हेडफोन टेपला लावून पाहिले. दोन्ही कान खणखणीत वाजले.

"काही बिघडलं नाही, वहिनी. हे गाण्याचे हेडफोन, दोन कानाले दोन तारा. टीव्हीचं भोक एकाच तारेचं. डावा वाजन, उजवा बंदच राहीन."

"पण उजव्यात आवाज येते म्हणतात ना ते."

"कसा येईन? तिकडं काही जातच नाही," ताराचंद हसला. "त्याले म्हणा, खेळ कमी कर, झोप जास्त घे."

लतिका पारशिवनीकडची, शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन विणकराच्या घरात आली तेव्हा बाहेरच्या खोलीत जमिनीत खड्डा होता, त्यावर माग होता आणि खड्ड्यात पाय सोडून सासरे, चंपतराव, दिवसभर सुताचा धोटा या हातातून त्या हातात टाकत विणत बसलेले असायचे. हिवाळ्यात ते तिथंच बसल्या जागी गेले. मागावर लुगडं अर्धं राहिलं. गेलेल्या माणसाचा ताणा, म्हणजे मागावर ताणलेलं उभं सूत, कापायचा नाही, घरच्या कोणीतरी बसून तो विणून उतरवायचा, मग मागाचं काय करायचं ते करा, असा त्या घराचा रिवाज होता.

मधुसूदन तसा वाईट नव्हता, पण त्याला घाई होती. टेलिफोन खात्यात त्याची निवड झाली होती, फक्त कानाची तपासणी राहिली होती. मागाच्या खटखटाटात विणकराचे कान जातात हे तो लहानपणापासून पाहत आला होता. एक दिवससुद्धा बसणार नाही, म्हणाला. दारात मागाचं गिऱ्हाईक उभं होतं. त्यानं ब्लेडनं ताणा कापला, माग दिला, खड्डा बुजवला आणि त्यावर टीव्ही ठेवला.

"मेलेल्या माणसाचा ताणा कापत नसतात गा," एवढंच सासूबाई, जिजाबाई, बोलल्या. त्यानंतर लेकाशी बोलणं त्यांनी जवळपास सोडूनच दिलं होतं.

लतिका घरी आली तेव्हा कूलर सुरू होता आणि खोलीभर ओल्या वाळ्याचा वास होता. ताराचंद काय म्हणाला ते तिनं हसत हसत सांगितलं. मधुसूदन हसला नाही.

"मग मी ऐकून राहिलो ते काय आहे वं?" तो हळूच म्हणाला. "ती खटखट... मागाची आहे. मले का ओळखू येत नाही? आणि कालपासून बाबा बोलून राहिले. बस गा, म्हणते. दोन हात विणून टाक..."

लतिकानं धीर करून हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले. डावीकडं टुंय टुंय. उजवीकडं काहीच नाही. पण ते काहीच नसणं तिला बरं वाटेना. कोणीतरी बोलता बोलता, माणूस बदलला हे पाहून गप्प व्हावं, तसं वाटलं. आणि वाळ्याच्या वासातून आंबूस वास आला, ताण्याला लावतात त्या खळीचा. ती मनातून घाबरली. हेडफोन काढून तिनं पेटीत टाकले, वर कुलूप लावलं.

त्याचा काही उपयोग झाला नाही. आता मधुसूदनला हेडफोनशिवायही ऐकू यायला लागलं, जेवताना, आंघोळ करताना, फक्त उजव्या कानात. तपासणी तोंडावर आली होती. कानात बाबाच बसले तर यंत्राचा आवाज कसा ऐकू येणार? हातातोंडाशी आलेली नोकरी जाणार, या धास्तीनं तो वाळून गेला. शेवटी लतिकानं सासूबाईंना सगळं सांगितलं.

"मी बसली असती वं त्याच्या जागी," जिजाबाई म्हणाल्या. "पण आता कशावर बसू?"

तपासणीच्या दिवशी लतिका बरोबर गेली. डॉक्टर सांगलीकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी मधुसूदनच्या कानांवर जाडजूड हेडफोन चढवले. आवाज आला की बोट वर करा, म्हणाले. डावा कान उत्तम निघाला. मग मधुसूदनचं बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. एका लयीत.

"अहो, थांबा," डॉक्टर म्हणाले. "उजव्याचा आवाज मी अजून सोडलाच नाही."

मधुसूदनचे डोळे मिटलेले होते. "नाही बसत मी, बाबा," तो पुटपुटला. "नाही म्हणजे नाही... दुसरं कोणी पाहा."

बोट थांबलं.

यंत्रातच दोष असेल म्हणून डॉक्टरांनी हेडफोन काढून स्वतःच्या कानांवर लावले. बराच वेळ ऐकलं. मग ते परत दिले आणि उजवा कान नीट तपासला. बारीकातला बारीक आवाज मधुसूदनला ऐकू आला. डॉक्टरांनी सही केली. नोकरी पक्की झाली.

जिन्यात मधुसूदन लहान पोरासारखा रडला. "गेलं वं. साफ गेलं. काहीच येत नाही आता."

लतिकाची छत्री आत राहिली होती. ती एकटीच परत वर गेली.

डॉक्टर खुर्चीत बसले होते. हेडफोन कानांवर, आणि त्याची वायर यंत्रातून निघून फरशीवर लोंबत होती. तिला पाहून त्यांनी फक्त डाव्या कानावरचा बाजूला केला. विणकामाची गोष्ट तिथं कोणी काढलीही नव्हती.

"बाई, जरा विचारायचं होतं," ते अगदी नम्रपणे म्हणाले. "धोटा आधी कोणत्या हातानं टाकायचा?"