ट्रेव्हरचा भाव

२००३च्या सप्टेंबरात आखातातल्या आमच्या रूवीच्या ऑफिसात डग साहेबाने हे घाणेरडं खूळ आणलं. तेव्हा ते घाणेरडं वाटलं नव्हतं, एवढं कबूल करतो. डग अमेरिकन, पंप विकणाऱ्या आमच्या कंपनीचा मॅनेजर. त्याच्या देशातल्या फुटबॉलमध्ये दोन हाडवैरी टीम एका सीझनमध्ये दोनदा भिडतात. त्यांची नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही हिरवे आणि पांढरे म्हणायचो. या दोन मॅचच्या निकालाचे इंटरनेटवर शेअरसारखे भाव लागत. दोन्ही एकच टीम जिंकणार, की एक-एक होणार? ज्याचा भाव साठ, ते घडायची शक्यता शंभरात साठ. डगने तोच बाजार पँट्रीतल्या बोर्डावर मांडला. चिठ्ठी त्या भावाला घ्या, विका. खरी ठरली तर शंभर बैसा, म्हणजे थंड्याचा एक कॅन.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण स्टोअरचा अमीन, रत्नागिरीचा, सकाळी चहाबरोबर असे झोकात भाव पुकारायचा की मीही दोन-चार चिठ्ठ्या घेतल्या. रिसेप्शनवरची नयना चिठ्ठ्यांवर नावं लिहून भिंतीला चिकटवायची. पहिली मॅच हिरवे जिंकले. दुसरी डिसेंबरात होती.

नोव्हेंबरात माझा मेहुणा ट्रेव्हर वादी अदाईहून अल अमेरातला माल पोचवायला निघाला आणि घाटात पिकअप उलटली. ट्रेव्हर आमच्याच कंपनीत ड्रायव्हर. माझ्या बायकोने, मॅग्डलिनने, हट्ट धरला म्हणून व्हिसा काढून मीच त्याला वसईहून आणला होता; त्याची बायको ब्रेंडा तिकडेच राहिली. पिकअपचा पार चुरा झाला. ट्रेव्हर चष्म्यासकट धडधाकट बाहेर आला. गालावर एक ओरखडा, बस्स.

दुसऱ्या दिवशी आठला मी पँट्रीत गेलो. फिनाइलचा वास, किटलीची शिट्टी, आणि बोर्डावर हिरव्या-पांढऱ्यांच्या खाली एक नवी ओळ. ‘ट्रेव्हर विरुद्ध’, आणि पुढे कोरी जागा. पहिली मॅच: ट्रेव्हर जिंकला. त्याखाली दोन भाव. दोन-शून्य, ऐंशी. एक-एक, वीस.

“कुणाचा चावटपणा आहे हा?” मी ओरडलो.

“अल्लाकसम भाई,” अमीन म्हणाला, “सातला मी दार उघडलं, तेव्हाच होतं.”

मी डस्टरने खसाखसा पुसलं. चहा पिऊन कप ठेवायला गेलो, तर ओळ जागच्या जागी. एक-एकचा भाव सव्वीस झालेला.

मी कॉम्प्युटरवाला माणूस. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पुन्हा पुसलं, पँट्रीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि दारासमोर खुर्ची टाकून एक वाजेपर्यंत बसलो. कुणी आलं नाही. उघडलं तेव्हा आत मार्करचा ताजा वास होता. चौतीस.

पण खरी शिसारी आली ती पुढे. लोक चिठ्ठ्या घेऊ लागले! नयनाने एक-एकच्या दहा घेतल्या. “मजा म्हणून हो, कॉस्मास सर.” एक-एक म्हणजे काय, ते तिला कळत होतं. सगळ्यांनाच कळत होतं. डग हसून म्हणाला, बाजार खोटं बोलत नाही. ट्रेव्हर आला की त्याच्याकडे कसायाच्या दारातल्या बोकडाकडे बघावं तसे बघायचे. “चक्कर येते का रे? झोप लागते?” असं लाडीगोडीने विचारायचे, आणि पाठ वळताच भिंतीकडे पळायचे. शी! माणसं की गिधाडं?

“भावजी, बोर्डावर माझं नाव कशाला?” ट्रेव्हरने एकदा विचारलं.

“चेष्टा आहे रे.”

“मग समोर कोण आहे? तिथे कोरं का ठेवलंय?”

मी बोर्डाकडे वळून पुन्हा ती ओळ पुसायला घेतली.

भाव अठ्ठावन्न झाला, मग एकाहत्तर. मला राहवेना. पाच रियाल काढून मी दोन-शून्यच्या सगळ्या चिठ्ठ्या उचलल्या. कुणीतरी त्या पोराच्या बाजूने उभं राहायला नको? एक-एकचा भाव दोनाने उतरला आणि मला आनंद झाला. आनंद! बाथरूममध्ये जाऊन साबणाने दोनदा हात धुतले. त्या गिधाडांत आता मीही बसलो होतो.

त्याच दिवशी ठरवलं. “ट्रेव्हर, खलास. घरी जा.”

“आणि नोकरी?”

“नोकरी गेली खड्ड्यात. वसईत ब्रेंडा आहे, आपली माणसं आहेत. तिथे तुझ्या केसालाही धक्का लागायचा नाही.”

दोन दिवसांनी मी आणि मॅग्डलिनने त्याला सीबच्या विमानतळावर सकाळच्या विमानात बसवलं. काचेपलीकडून त्याने हात हलवला. दुपारी मी चक्क घोरत झोपलो. चारच्या शिफ्टला ऑफिसात गेलो, ते कोसळलेला भाव बघायलाच.

एक-एक, शहाण्णव.

डग आणि अमीन बोर्डाशी उभे होते. अमीनला रविवारच्या मॅचची काळजी. “साहेब, पहिली पांढऱ्यांच्या ग्राउंडवर झाली. दुसरी पण तिथेच?”

“नाही, नाही,” डग म्हणाला. “पहिली एकाच्या घरी, दुसरी दुसऱ्याच्या घरी. नियमच आहे तो.”

पहिली घाटात झाली होती. तो घाट काही ट्रेव्हरचं घर नव्हतं.

मी फोनकडे धावलो. तीनदा लाइन लागली नाही. चौथ्यांदा ब्रेंडाने उचलला.

“पोचला हो दादा, आत्ताच. चहाला बसलाय.”

“त्याला म्हणावं ऊठ. आहे तसा घराबाहेर पड. ऐकतेस ना?”

“असं काय करता? दमलाय तो.” तिचा आवाज खाली आला. “पण दादा, बरोबर पाहुणे आणलेत ते कोण? दोनदा नाव विचारलं, नुसते हसतात.”

“कोण पाहुणे? ट्रेव्हर काय म्हणतो?”

“तो म्हणतो, मी एकटाच आलो. थट्टा करतोय मेला. आत्ता त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसले ना ते.”